पाण्यावर न चालणारी पाणनिवळी

लेगोच्या या खोक्यावर ७०६११ हा क्रमांक आहे आणि आत ४९४ तुकडे. ‘द लेगो निन्जागो मूव्ही’ हा चित्रपट २०१७च्या सप्टेंबरात आला, त्याच्या जोडीने जे संच निघाले त्यांतला हा एक. नाव ‘वॉटर स्ट्रायडर’. चित्रपटात सहा निन्जा आहेत आणि प्रत्येकाचं आपलं एक लढाऊ यंत्र आहे. काईचा आगीचा मेक ९४४ तुकड्यांचा, झेनचा बर्फाचा रणगाडा ९१४चा, जेचं विजेचं विमान ८७६चं, कोलचा भूकंपाचा मेक ८५९चा आणि लॉइडचा हिरवा ड्रॅगन ५४४चा. सहावी न्या. ती काईची बहीण, सहांमधली एकटी मुलगी आणि पाण्याची स्वामिनी. तिच्या वाट्याला सगळ्यांत कमी तुकडे आले आणि एक किडा आला. पण कल्पना म्हणून पाहिलं, तर सहांमध्ये सगळ्यांत हुशारीची निवड तिचीच आहे. ड्रॅगन कोणालाही सुचतो. तळ्यावर पळणाऱ्या एवढ्याशा किड्याचं लढाऊ यंत्र करावं असं वाटायला मात्र कधीतरी पाण्याच्या काठावर निवांत बसावं लागतं.

हा किडा म्हणजे आपली पाणनिवळी. विहीर, ओढा, देवळामागचं कुंड, पावसाळ्यानंतर उरलेलं डबकं, अशा जिथे पाणी जरा संथ असतं तिथे ती सापडते. काठावर बसून पाहणाऱ्याला बहुधा आधी ती दिसत नाही, तिची सावली दिसते. पाणी उथळ आणि ऊन स्वच्छ असेल, तर तळाच्या वाळूवर काळ्या लंबगोल ठिपक्यांची एक नक्षी सरकत असते आणि प्रत्येक ठिपक्याला उजळ कड असते. वर पाहावं तर पाय केसाएवढे बारीक. एवढ्याशा पायाची एवढी मोठी सावली कशी? कारण ती पायाची नसतेच. पायाखाली पाणी दबून जो खळगा पडतो, तो भिंगासारखा उजेड बाजूला वळवतो. तळावर पडते ती त्या खळग्याची सावली. पाणनिवळी पाण्यात नाही, पाण्यावर उभी आहे, याचा याहून ठसठशीत पुरावा नाही.

या किड्याचं नाव घेऊन बाजारात आलेलं खेळणं जोखायचं कसं? खेळण्यांची परीक्षणं लिहिणाऱ्यांची एक ठरलेली पद्धत आहे. तुकडे किती, किंमत किती, एका तुकड्याला किती पडले, सोबत माणसं किती, नव्या रंगाचे तुकडे कोणते. या प्रश्नांत चूक काही नाही. खिशातून पैसे जाणार असतात तेव्हा हे विचारावंच. पण खेळण्याने एका जिवंत प्राण्याचं नाव लावलं असेल, तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. त्या प्राण्याची जी खरी कला आहे, तिच्यातलं या खेळण्यात काय उतरलं?

त्याआधी मेक म्हणजे काय ते थोडक्यात. हा शब्द जपानी कॉमिक्स आणि कार्टून मालिकांतून जगभर गेला. आत माणूस बसतो, दांडे ओढतो, आणि बाहेर यंत्राचे अजस्र हातपाय हलतात. गो नागाई यांचा ‘माझिंगर झी’ १९७२मध्ये आला. त्यात नायक यंत्राच्या डोक्यात बसून ते चालवतो. तिथून ही कल्पना रुळली. १९७९मध्ये ‘गंडम’ मालिका आली आणि पुढच्याच वर्षापासून बांदाई कंपनीने गंडमचे जुळवायचे प्लास्टिकचे संच काढले. हे सगळे मेक माणसाच्या आकाराचे होते. प्राण्यांच्या आकाराचे मेक घरोघरी नेण्याचं काम केलं ते टोमी या जपानी कंपनीच्या ‘झॉइड्स’नी, १९८०च्या दशकात.

झॉइड्सची आठवण इथे मुद्दाम काढली आहे, कारण ते नुसते प्राण्यासारखे दिसत नसत, ते चालत. जुळवून झालं की किल्ली द्यायची किंवा बॅटरी घालायची, आणि प्लास्टिकचा डायनासोर टेबलावरून पावलं टाकत निघायचा. त्यातले हलणारे भाग जागेवर धरायला रबराच्या छोट्या टोप्या असत. खिळा नाही, डिंक नाही. दांडीवर टोपी दाबून बसवली की सांधा तयार, आणि तो फिरतोही.

लेगोचा वॉटर स्ट्रायडर स्वतःहून चालत नाही. त्याचे लांब, सांध्या-सांध्याचे पाय हाताने वळवायचे, हव्या त्या पवित्र्यात उभे करायचे. त्याला मोटार नाही, किल्ली नाही. हा दोष म्हणता येणार नाही, कारण या जातीच्या बहुतेक संचांची रीत तीच आहे. पण त्यामुळे सगळा भार सांध्यांवर येतो, आणि मेकची खरी परीक्षा सांध्यांतच होते.

लेगोचा आजचा ठोकळा १९५८ सालचा. गॉडफ्रेड कर्क ख्रिस्तियान्सन यांनी त्या वर्षी २८ जानेवारीला डेन्मार्कमध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरचे गोल उंचवटे आणि पोटातल्या नळ्या एकमेकांत घट्ट बसतात, आणि तरी मुलाच्या बोटांनी सुटतात. दोन उंचवट्यांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाच फरक चालतो, म्हणूनच आजोबांच्या वेळचा ठोकळा नातवाच्या ठोकळ्याला जुळतो. मात्र ही पकड भिंत बांधण्यासाठी आहे. पाय वाकवायचा तर वेगळे तुकडे लागतात. काही बिजागऱ्या दातेरी असतात. त्या टक्-टक् करत २२.५ अंशांच्या पायरीने वळतात आणि ठरलेल्या पायरीवर घट्ट थांबतात. काही सांधे वाटी-गोळ्याचे असतात, आपल्या खांद्यासारखे. लहान आकाराचा गोळा-सांधा २०१४मध्ये ‘मिक्सेल्स’ या मालिकेबरोबर आला आणि मेक बांधणाऱ्यांचे दिवस पालटले. तो कुठेही वळतो, पण धरून राहतो तो केवळ घर्षणावर.

पाय लांब झाला की घर्षणाची पंचाईत होते. पान्याचा दांडा लांब असेल तर घट्ट बसलेला नटही सहज फिरतो, हे सायकल दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असतं. तोच नियम इथे उलटा अंगावर येतो. पाय बाहेर जितका फाकवावा, तितका धडाचा भार लांब दांड्याने सांध्याला पिळतो. मग सांधा हळूहळू घसरतो आणि रात्री कपाटावर ऐटीत उभा केलेला मेक सकाळी पोटावर बसलेला सापडतो. म्हणून असा कोणताही संच हाती घेतल्यावर पहिली कसोटी ही लावावी: सगळे पाय जमेल तितके फाकवायचे, धड खाली आणायचं आणि तासाभराने येऊन पाहायचं. दुसरी कसोटी तोलाची. पाय टेकतात ते बिंदू मनात एका दोरीने जोडावे. धडाचा भार त्या दोरीच्या आत पडला पाहिजे. मग एक पाय उचलून पाहावा. उभा राहिला, तर बांधणाऱ्याने विचार केला आहे. सहा पायांचे किडे चालताना एका वेळी तीन पाय टेकतात, दोन एका बाजूचे आणि एक दुसऱ्या बाजूचा. ही तिवई असते, आणि तिवई कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही.

पाणनिवळी मात्र तिवईने चालत नाही. इथेच ती बाकीच्या किड्यांपासून वेगळी पडते, आणि इथेच तिच्या नावाच्या प्रत्येक खेळण्याची खरी परीक्षा आहे.

तिच्या पायांच्या तीन जोड्यांनी कामं वाटून घेतली आहेत. पुढचे दोन आखूड; ते भक्ष्य पकडायला. पाण्यावर पडलेली माशी धडपडते, तिच्या तरंगांवरून पाणनिवळीला पत्ता लागतो. मागचे दोन पाय दिशा सांभाळतात. मधली जोडी सगळ्यांत लांब, आणि तीच वल्ही. दोन्ही वल्ही एकदम मागे मारायची आणि घसरत पुढे जायचं. जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, दहा मिलिग्रॅमच्या आसपास वजनाचा हा किडा अशा एका फटक्यात सेकंदाला दीड मीटरपर्यंत वेग गाठतो. म्हणजे पाणनिवळीच्या मेकमध्ये पाहण्यासारखी गोष्ट एकच: मधल्या जोडीचं वल्हवणं. ते हाताने का होईना करता आलं, दोन्ही पाय एका दांड्याने एकदम मागे खेचता आले, तर त्या यंत्राला किड्याचं नाव शोभलं. लेगोकडे यासाठी लागणारे दातेरी चाकांचे आणि दांड्यांचे तुकडे १९७७पासून, ‘टेक्निक’ मालिकेपासून आहेत. वॉटर स्ट्रायडरमध्ये तसं यंत्र नाही. डौल किड्याचा, पाय लांब, नाव खरं. पण वल्ही नाहीत. या संचाबद्दल खरी हळहळ वाटते ती इथे.

दुसरी गोष्ट पाण्याची. नाव ऐकल्यावर कोणतंही मूल ते खेळणं बादलीत सोडून पाहणारच. तिथे काय होतं ते आधीच सांगता येतं. लेगोचे तुकडे ज्या एबीएस प्लास्टिकचे असतात, ते पाण्याहून किंचित जड असतं. एखादा सुटा चपटा तुकडा अलगद ठेवला तर पाण्याच्या पाठीवर राहतो. सगळे तुकडे जोडलेला मेक पायांवर उभा केला, तर पाय सरळ आत जातात आणि तो आडवा होतो. ठोकळ्यांच्या पोटात हवा अडकून तो थोडाफार तरंगलाच, तर होडीसारखा तरंगतो, पाणनिवळीसारखा नाही.

यात बांधणाऱ्याची काहीच चूक नाही. हिशेब मांडून पाहिला की कळतं. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, आणि त्या ताणाचं माप ठाऊक आहे. पाण्याने न भिजणारी एक सेंटिमीटर लांबीची बारीक काडी पाण्यावर आडवी ठेवली, तर तिच्या दोन्ही कडांनी मिळून पाणी फार तर ०.१५ ग्रॅम भार पेलतं. त्यापुढे पडदा फाटतो. पाणनिवळीचं वजन ०.०१ ग्रॅम. तिला हिशेबाने एक मिलिमीटर पायसुद्धा पुरेल, आणि तिच्याजवळ तर कितीतरी सेंटिमीटर आहेत. आता हिशेबासाठी मेकचं वजन ३०० ग्रॅम धरा. त्याला वीस मीटर लांबीचे पाय पाण्यावर टेकवावे लागतील. सहा-सात मजली इमारतीच्या उंचीएवढी तार, तीही पूर्ण आडवी, आणि कुठेही एकावर एक न येता.

आकार दहापट केला की लांबी दहापट होते, पण वजन हजारपट वाढतं. पाण्याचा ताण लांबीचा हिशेब ठेवतो, गुरुत्वाकर्षण वजनाचा. हा नियम समजावून सांगणारा एक गाजलेला निबंध जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६मध्ये लिहिला. हॉल्डेन ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ. १९५७मध्ये ते कायमचे भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. त्या निबंधातला विचार असा, की आंघोळ करून बाहेर पडलेला माणूस अंगावर अर्धा किलोच्या आसपास पाणी घेऊन निघतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. तेच माशी भिजली, तर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं तिच्या पाठीवर बसतं. किड्यांच्या जगात गुरुत्वाकर्षणाला फारसं कोणी भीत नाही. भीती असते ती ओलं होण्याची. पाणनिवळीने ही भीती पायांनीच जिंकली.

ती कशी जिंकली हे चिनी विज्ञान अकादमीतल्या शुएफेंग गाओ आणि लेइ जियांग यांनी २००४मध्ये दाखवलं. तिच्या पायावर हजारो सूक्ष्म सुईसारखे केस एका बाजूला झुकलेले असतात, आणि प्रत्येक केसावर त्याहून बारीक खाचा. त्या खाचांत हवा अडकून राहते, म्हणून पाणी पायाला शिवतच नाही. पाय हवेच्या गादीवर टेकतो. त्यांनी एक पाय पाण्यावर दाबून पाहिला. चार मिलिमीटरहून थोडा खोल खळगा पडला तरी पडदा फाटला नाही, आणि एकट्या पायाने किड्याच्या पूर्ण वजनाच्या पंधरापट भार पेलला. म्हणूनच पावसाचे थेंब पडत असतानाही ती तग धरते. याच कुळातले ‘हॅलोबेटिस’ नावाचे काही किडे तर जमिनीपासून दूर, उघड्या समुद्रावर आयुष्य काढतात; अरबी समुद्रावरही ते आहेत.

पाण्यावर उभं राहणं कळलं, पण चालणं? यात एक कोडं बरीच वर्षं अडकून होतं. पुढे जायचं तर कशाला तरी मागे ढकलावं लागतं. पाणनिवळी तरंगांना मागे ढकलते, असं समजलं जाई. पण पाण्यावर तरंग उठायला पाय सेकंदाला किमान २३ सेंटिमीटर वेगाने हलावा लागतो. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं इतक्या वेगाने पाय मारू शकत नाहीत. मग त्यांनी जागचं हलूच नये. पण ती तर मजेत पळतात! मार्क डेनी या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९९३मध्ये ही विसंगती मांडली आणि तिला त्याचंच नाव पडलं.

उत्तर मिळालं २००३मध्ये, एमआयटी या अमेरिकी संस्थेत. डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश यांनी पाण्यात रंग आणि बारीक कण मिसळले आणि वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. पाय मागे गेला की पृष्ठभागाखाली पाण्याचे अर्धगोल भोवरे सुटतात आणि मागे निघून जातात. ढकललं जातं ते पाणी, या भोवऱ्यांच्या रूपात. तरंग उठतात, पण ते मुख्य नव्हेत. वल्ह्याने होडी जाते ती याच रीतीने.

या तिघांनी स्वतःची पाणनिवळीही बनवली, आणि लेगोच्या संचाशेजारी ठेवून जोखायला तिच्याहून चांगलं खेळणं सापडायचं नाही. नाव ‘रोबोस्ट्रायडर’. लांबी ९ सेंटिमीटर, वजन ०.३५ ग्रॅम. धड थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून कापलेलं, पाय ०.२ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारेचे, आणि ताकद पायमोज्यातून काढलेल्या इलॅस्टिकच्या दोऱ्याची. दोरा धडाच्या लांबीभर ताणायचा, एका छोट्या कप्पीवरून मधल्या पायांना जोडायचा आणि सोडायचा. पाय वल्हवू लागतात, पाणी फाटत नाही, आणि मागे तसेच भोवरे सुटतात. वर मांडलेल्या हिशेबाने पाहिलं तर ०.३५ ग्रॅमला अडीच सेंटिमीटरहून कमी तार पुरते. बाकीची तार निर्धास्तपणासाठी. यात लेगोच्या तुकड्यांची नजाकत नाही, न्याला बसायला जागा नाही. पण किड्याची कला जशीच्या तशी उतरली आहे, आणि साहित्य कोणत्याही घरात सापडेल असं.

पुढच्यांनी याच वाटेने जाऊन बरंच काही केलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मेतिन सित्ती यांच्या गटाने बॅटरीसकट पाण्यावर चालणारं यंत्र केलं. वजन सहा ग्रॅमच्या घरात गेलं, तेव्हा त्याला बारा पाय द्यावे लागले. वाढलेलं वजन पायांची लांबी कशी मागतं, ते इथे उघड दिसतं. २०१५मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठ आणि हार्वर्डच्या संशोधकांनी ६८ मिलिग्रॅमचा एक यंत्रकिडा पाण्यावरून १४ सेंटिमीटर उंच उडवला. पाण्यावरून उडी मारताना जोर थोडा जास्त झाला तर पाय आत जातो, कमी झाला तर उडी बसत नाही. खऱ्या पाणनिवळीचं चित्रण पाहिल्यावर कळलं, की ती पाय नुसते खाली दाबत नाही, हळूहळू आत ओढत दाबते, आणि पडदा फाटायच्या सीमेच्या जरा अलीकडे थांबते. यंत्राने तेच केलं.

सगळ्यांत ताजी गोष्ट २०२५ची. ‘ऱ्हॅगोव्हेलिया’ हे पाणनिवळीचं दुसरं भावंड वाहत्या, उसळत्या ओढ्यात राहतं. आपल्या पश्चिम घाटातही या गणाचे किडे आहेत. त्यांच्या मधल्या पायांच्या टोकाला पिसांचे पंखे असतात. पाय पाण्यात गेला की पंखा आपोआप उघडतो, बाहेर आला की मिटतो. हे काम स्नायूंचं समजलं जाई. दक्षिण कोरियातलं आजू विद्यापीठ, जॉर्जिया टेक आणि बर्कली इथल्या गटाने दाखवलं की पंखा पाण्याच्याच ताणाने उघडतो, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात. मग त्यांनी एक मिलिग्रॅम वजनाचा तसा पंखा केला आणि तो यंत्रकिड्याच्या पायाला बसवला.

लेगोच्या संचाकडे परत येऊ. तो आता दुकानात नाही. कंपनीने केव्हाच बंद केला. मिळाला तर जुन्या संचांच्या बाजारात मिळतो, आणि तिथे तुकडे मोजून घ्यावे लागतात, कारण पायाचा एक गोळा-सांधा नसला तरी सगळं लंगडं पडतं. भारतात परदेशी खेळणं महागच पडत आलं: आयातकर २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला, २०२३मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लेगोसारखे दिसणारे स्वस्त संच घेताना ते चिन्ह पाहावं, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती असे बारीक तुकडे अजिबात देऊ नयेत.

इतका खर्च न करता सांध्यांचं मर्म शिकायचं असेल, तर त्यासाठी पुण्याचं एक नाव आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंता, टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. १९७८मध्ये ते होशंगाबादच्या ग्रामीण विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांचं ‘मेकॅनो’ जुळवलं. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २०१४पर्यंत त्यांनी मुलांसाठी खेळणी केली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन काड्यांची टोकं ट्यूबच्या तुकड्यात खुपसली की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबल्यावर कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही. लांब पायाचा मेक रात्रभर उभा कसा ठेवायचा याचं उत्तर त्या त्रिकोणात आहे. टोमीने रबराच्या टोपीने जे साधलं, ते इथे सायकलच्या दुकानातल्या ट्यूबने साधतं.

आणि पाण्यावर उभं राहणारं खेळणं तर अर्ध्या तासात होतं. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून अर्धा मिलिमीटर जाडीची एनॅमलची तार आणावी. दहा-दहा सेंटिमीटरचे तीन तुकडे करून मध्यावर एकत्र पिळावे, म्हणजे सहा पाय होतात. प्रत्येक पायाचं टोक दोन सेंटिमीटरवर वळवून आडवं करावं. सहाही टोकं टेबलावर एकदम टेकली पाहिजेत. त्यांच्यावर मेणबत्ती घासावी. घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन ही पाणनिवळी जेवणाच्या काट्यावर ठेवून अलगद खाली न्यावी आणि काटा काढून घ्यावा. ती उभी राहते. वरून विजेरीचा उजेड पाडला, तर घमेल्याच्या तळाशी त्याच लंबगोल सावल्या दिसतात, उजळ कडेच्या.

आता चिमट्याने तिच्या पाठीवर स्टेपलरच्या सुट्या पिना एकेक करून ठेवाव्या आणि मोजाव्या. हिशेबाने बारा सेंटिमीटर पायांनी तारेच्या वजनासकट पावणेदोन ग्रॅम पेलायला हवं, पण तोल जरा ढळला की एक पाय आधी बुडतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. आकडा लिहून ठेवावा. मग पाणी बदलून पुन्हा उभी करावी, निम्म्या पिना ठेवाव्या आणि घमेल्याच्या कडेशी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब सोडावा. साबणाने पाण्याचा ताण निम्म्याहून खाली येतो आणि मेणाची तारही भिजू लागते. पाय पाण्यात शिरतात, पिना तळाशी विखुरतात. त्यानंतर घमेलं चांगलं धुऊन, पायांची टोकं या खेपेला तीन सेंटिमीटरची वळवून, पिना किती वाढतात ते मोजून पाहावं.